फ्रान्सचे रानडुक्कर ताटात, आमचे शेतात

मेळाव्याच्या अंकात वाईनचा लेख कशाला, असे विचारणारी चार पत्रे येणार हे आम्ही धरूनच चालतो. माळकरी वाचकांनी हे पान उलटून सरळ पुढच्या मजकुराकडे वळावे, आमची काही तक्रार नाही. पण ज्यांच्या भुईमुगात यंदा डुकरांचा कळप शिरला, ज्यांचा मका एका रात्रीत आडवा झाला, त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचावे. लेखात पिण्याची गोष्ट थोडी आहे, मालकीची जास्त आहे.

परवा मुंबईहून आलेल्या एका कार्यकर्त्याच्या पिशवीत गुळगुळीत कागदाचे एक मासिक होते. त्यात दोन पाने भरून मजकूर : शिकारीच्या मांसाबरोबर कोणती वाईन घ्यावी. हरणाबरोबर कोणती, रानडुकराबरोबर कोणती, तितराबरोबर कोणती. बैठकीला आलेल्या मंडळींत ते मासिक हातोहात फिरले. एकाने ते खाली ठेवून विचारले, "रानडुकराबरोबर काय प्यायचं ते यांना ठाऊक आहे. डुकराच्या राखणीला रात्रभर माळ्यावर बसताना काय प्यायचं, ते लिहिलंय का कुठं?" दुसरा म्हणाला, "काळा चहा." सगळे हसले. हसणे ओसरल्यावर आमच्या मनात मात्र प्रश्न राहिला. जे जनावर आमच्या घराची झोप उडवते, ते दुसऱ्या देशात शंभर प्रकारे शिजते, त्याच्यासाठी वाईन निवडली जाते, आणि त्यावर चार पैसे मिळतात. जनावर तेच आहे, जातही तीच. मग फरक कुठे पडला?

आधी त्या मासिकातला मजकूर सरळ करून सांगतो, कारण त्यात थट्टा करण्यासारखे काही नाही. तांबड्या वाईनमध्ये एक तुरटपणा असतो. तो द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो. डाळिंबाची साल चघळली की जीभ आवळून येते, तोच हा गुण. त्याला टॅनिन म्हणतात. टॅनिन मांसातल्या प्रथिनांना आणि चरबीला धरते. म्हणून चरबीदार घासानंतर तुरट वाईनचा घोट मऊ लागतो आणि तोंड स्वच्छ होते. आता रानातले जनावर पाहा. ते पळते, उकरते, मैलोगणती हिंडते. त्याच्या अंगावर चरबी कमी, मांस काळसर, चव उग्र. हरणाचे मांस तर अगदीच कोरडे. त्यावर नवी, कडक वाईन घेतली तर तोंडाला कोरड पडते. म्हणून नुसत्या भाजलेल्या हरणाला काही वर्षे मुरून तुरटपणा निवलेली वाईन द्यायची, आणि रानडुकराच्या दाट रश्श्याला तशीच दांडगी वाईन लावायची.

फ्रान्समध्ये या गोष्टी कुणी पुस्तकातून शिकत नाही. तितर, फेझंट अशा पाखरांना बर्गंडीची पिनो न्वार. ती हलकी असते आणि तिला स्वतःलाच थोडा पालापाचोळ्याचा वास असतो. अल्सास प्रांतात फेझंट आंबवलेल्या कोबीबरोबर शिजवतात आणि सोबत रीसलिंग ही पांढरी वाईन घेतात. दक्षिणेकडे रानडुकराचे तुकडे कांदा, गाजर, लवंग, तेजपानाच्या जातीचा एक पाला घालून रात्रभर तांबड्या वाईनमध्येच भिजत ठेवतात, दुसऱ्या दिवशी मंद आचेवर तीनचार तास शिजवतात, आणि जुन्या रीतीने रस्सा रक्ताने दाट करतात. त्यासोबत काओर किंवा मादिराँ गावची जवळजवळ काळी दिसणारी वाईन. इटलीत तस्कनीला रानडुकराचा खिमा रुंद शेवयांवर घालतात आणि सोबत चियांती. त्या चियांतीच्या डोंगरात रानडुकरे पिकलेले द्राक्षांचे घडही खातात. मग त्याच बागेच्या वाईनशेजारी ती ताटात येतात. हिशेब पुरा.

आमच्याकडे हा हिशेब कधी पुरा होत नाही, तो का, हे समजायला थोडे मागे जावे लागेल.

फ्रान्सचा शेतकरी पहिल्यापासून असा सुखी नव्हता. १७८९ पूर्वी तिथे शिकारीचा हक्क फक्त राजाचा आणि सरदारांचा होता. शेतकऱ्याच्या गव्हात ससे, हरणे, तितरे चरायची आणि शेतकऱ्याने हात उगारला तर गुन्हा. राजाच्या राखीव शिकारक्षेत्रात तर तितरांच्या घरट्यांना धक्का लागू नये म्हणून ठरावीक दिवसांत खुरपणी करायलाही बंदी असे. सरदारांच्या गढीत कबुतरांचे मोठाले मनोरे असत. कबुतरे सरदाराची, पेरलेले दाणे कुळाचे. क्रांतीच्या आधी गावोगाव तक्रारींच्या वह्या लिहिल्या गेल्या, त्यांत ही कबुतरे आणि ही शिकार पुन्हापुन्हा येते. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री तिथल्या राष्ट्रसभेने सरंजामी हक्क मोडीत काढले. त्या ठरावाचे दुसरे कलम कबुतरांचे आहे आणि तिसरे शिकारीचे. प्रत्येक मालकाला आपल्या जमिनीवरच्या शिकारीच्या जनावराचा बंदोबस्त करण्याचा हक्क आहे, असे ते तिसरे कलम सांगते. एवढेच नव्हे, तर नुसत्या शिकारीपायी गलबतावर वल्ही मारायला धाडलेल्या आणि हद्दपार केलेल्या माणसांना परत आणावे, अशी राजाकडे मागणी करायचेही त्याच कलमात ठरले. आमच्या शाळेच्या पुस्तकात बॅस्टिलचा तुरुंग आहे, ही कबुतरे नाहीत. शेतकऱ्याच्या पोराला ती आधी सांगायला हवीत.

इंग्लंडात हेच काम व्हायला आणखी नव्वद वर्षे लागली. १८८० च्या कायद्याने कुळाला त्याच्या वहितीतले ससे मारायचा हक्क मिळाला. तोही सशांपुरताच.

आता आजचा फ्रान्स पाहा. अलीकडे तिथे एका हंगामात आठ लाखांच्या वर रानडुकरे मारली जातात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हा आकडा चाळीस हजारांच्या आत होता. म्हणजे रानडुक्कर तिथेही माजले आहे. मक्याचे क्षेत्र वाढले, हिवाळे सौम्य झाले, काही ठिकाणी शिकाऱ्यांनीच दाणे टाकून कळप पोसले. शेतकरी तिथेही ओरडतो आहे. पण १९६८ च्या कायद्यापासून तिथे पिकाच्या नुकसानीची भरपाई ठरलेली आहे, आणि २००० सालापासून ती शिकाऱ्यांच्या जिल्हा संघांनी, आपल्या वर्गणीतून आणि परवान्यांच्या पैशातून, थेट भरायची आहे. ज्याला शिकारीचे सुख त्याच्यावर नुकसानीचा बोजा. दरवर्षी कोट्यवधी युरो त्यात जातात आणि शिकारी संघही कुरकुरतात. कुरकुरू देत. बिल कुणाच्या नावावर फाडायचे एवढे तरी तिथे ठरले आहे.

न्यूझीलंडची गोष्ट याहून बोलकी. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या साहेबांनी शिकारीची हौस भागवायला विलायतेहून तांबडी हरणे तिथे नेऊन सोडली. वाघ नाही, लांडगा नाही. हरणे फोफावली, डोंगर उघडे पडू लागले. आधी संरक्षण होते, १९३० च्या सुमारास ते काढून सरकारने पगारी शिकारी नेमले. हजारो हरणे मारली आणि जागीच कुजू दिली. १९६० च्या दशकात काही धडपड्या लोकांनी हेलिकॉप्टरमधून हरणे टिपून मांस जर्मनीला पाठवायला सुरुवात केली, आणि उपद्रवी जनावराला एकदम भाव आला. मग १९६९ साली हरणपालनाला कायद्याने मोकळीक मिळाली. ज्या हरणाला गोळी घालायला सरकार पगार देत होते, तेच हरीण जिवंत पकडायला शेतकरी जाळी घेऊन धावू लागला. आज तिथे कुंपणाच्या आत लाखो हरणे आहेत आणि हरणाचे मांस हा निर्यातीचा माल आहे. त्याच देशाच्या दक्षिणेला सेंट्रल ओटागोच्या कोरड्या टेकड्यांवर १९८० च्या दशकात पिनो न्वारच्या बागा उभ्या राहिल्या. आज तिथल्या खाणावळीत हरणाचा तुकडा आणि शेजारच्या बागेची पिनो ही जोडी ठरलेली. दोन्ही माल शेतकऱ्याचे. ऑस्ट्रेलियात कांगारू आणि शिराझ, दक्षिण आफ्रिकेत स्प्रिंगबक आणि पिनोटाज, तीच तऱ्हा. दक्षिण आफ्रिकेत तर १९९१ च्या कायद्याने कुंपणातल्या रानजनावरावर जमीनमालकाची मालकीच मान्य केली.

आता आपल्या बांधावर येऊ.

आमच्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. तो का आला हे आम्हाला माहीत आहे आणि त्याची गरज होती हेही आम्ही मानतो. देशातले शेवटचे तीन चित्ते १९४७ साली कोरिया संस्थानच्या महाराजांनी मारले असे मानले जाते. वाघ राजेरजवाड्यांनी आणि साहेबांनी मारले, भिंतीवर टांगले, शेजारी उभे राहून फोटो काढले. गोफण घेऊन माळ्यावर बसलेल्या कुणब्याने चित्ता संपवला नाही. पण बंदी आली ती दोघांनाही सारखीच लागली.

कायद्यात रानडुक्कर आणि रोही हे २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आहेत. कलम ११ प्रमाणे उभ्या पिकाला धोका असेल तर अधिकाऱ्याच्या लेखी हुकमाने त्यांना मारता येते. कलम ६२ प्रमाणे केंद्र सरकार एखाद्या भागात ठरावीक मुदतीपुरते एखादे जनावर उपद्रवी जाहीर करू शकते. तसे २०१५-१६ मध्ये बिहारात रोही आणि रानडुकरासाठी, उत्तराखंडात रानडुकरासाठी आणि हिमाचलात माकडांसाठी झाले. जून २०१६ मध्ये बिहारच्या मोकामा भागात दोनशेच्या वर रोही मारले गेले, आणि केंद्रातल्याच एका मंत्रीबाईंनी आपल्याच सरकारवर जाहीर टीका केली. दिल्लीत गदारोळ झाला. मोकाम्याच्या शेतकऱ्याचा हरभरा किती गेला, हे त्या गदारोळात कुणी विचारले नाही.

मुख्य गोम मात्र कलम ३९ मध्ये आहे. उपद्रवी जाहीर केलेले जनावर सोडले तर, कायदेशीर परवानगीने मारलेले रानजनावरही सरकारची मालमत्ता ठरते. नीट वाचा. भुईमुगाच्या ओळी उकरत असते तेव्हा ते कुणाचेच नसते. मेले की सरकारचे. मग सरकार आपली मालमत्ता खड्डा खणून पुरते. केरळात २०२२ साली ग्रामपंचायत प्रमुखांना रानडुक्कर मारण्याची परवानगी देण्याचे अधिकार दिले, हे चांगले झाले. पण तिथेही मांस पुरायचेच. शंभर किलोचे जनावर, ज्याला युरोपात वाईन निवडून खातात, ते शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत मातीत. आणि शेतकऱ्याने एक तंगडी घरी नेली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

भरपाई आहे, नाही असे नाही. आमच्यापैकी एकाचा दीड एकर मका मागच्या खरिपात गेला. त्याने अर्ज केला. महसूल, कृषी आणि वन अशा तीन खात्यांच्या माणसांनी एकाच दिवशी एकाच बांधावर उभे राहायचे होते. ते तिघे जमेपर्यंत डुकरे आणखी दोनदा येऊन गेली आणि पंचनाम्यात लिहिले गेले की पीक आधीच वाळलेले दिसते. त्याच्या घरात आजही कुणी एक माणूस रात्री शेतावर असतो. बांधाला जुन्या साड्या बांधल्या आहेत, झटक्याचे यंत्र आहे, डबे आहेत. पोरगा बारावीला आहे, तो पुस्तक घेऊन माळ्यावर बसतो. यापुढे जाऊन काही जण तारेत थेट वीज सोडतात. त्यात कधी वाघ मरतो, कधी शेजाऱ्याचा गडी, कधी तार लावणारा स्वतः. त्याचे आम्ही समर्थन करणार नाही. पण माणूस तिथवर कसा जातो हे आम्हाला दिसते.

काही आक्षेप आम्हाला ठाऊक आहेत. मांसाला भाव आला की चोरटी शिकार वाढेल, हा त्यातला खरा आक्षेप. जंगलातले रानडुक्कर हे वाघाचे अन्न आहे, ते तिथे राहू द्या. ते संपले तर वाघ आमच्याच गोठ्यावर येईल. आम्ही बोलतो ते वहितीच्या जमिनीवर येणाऱ्या कळपाबद्दल. फ्रान्समध्ये मारलेल्या हरणाला जागीच क्रमांकाचा बिल्ला लावावा लागतो, बिल्ल्याशिवाय ते हलवता येत नाही. असा बिल्ला आमच्या ग्रामपंचायतीला छापता येणार नाही का? दुसरा आक्षेप रोगाचा, तोही रास्त. रानडुकराच्या मांसात ट्रिकिनेला नावाचे जंत असू शकतात. म्हणून युरोपात विक्रीच्या प्रत्येक रानडुकराची तपासणी सक्तीची आहे आणि मांस आतपर्यंत शिजवावेच लागते. जर्मनीच्या बव्हेरियात तर १९८६ च्या चेर्नोबिल अपघातापासून रानडुकराचे मांस किरणोत्सारासाठीही तपासतात. २०२० पासून आपल्याकडे आफ्रिकी स्वाइन फीवर आला आहे. तेव्हा तालुक्याला जनावरांच्या डॉक्टरची तपासणी हवी, शीतगृह हवे. हे सगळे करायला पैसे लागतील. ते त्या मांसातूनच निघतील, खड्ड्यातून निघणार नाहीत.

आणि हे काम कोण करील? ज्यांचा हा पिढीजात हुन्नर होता ते पारधी गावाबाहेर पालात बसले आहेत. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने त्यांच्यासारख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारण्याची सोय केली, १९५२ साली तो कायदा गेला, आणि १९७२ मध्ये तितर-लाव्यांच्या फाशांवरही बंदी आली. त्यांना परवाना आणि रोज द्या. पीक चोरीला गेले की पहिला संशय पालावर घेणारे आम्ही शेतकरीच होतो, हेही इथे कबूल करायला हवे.

कुणी म्हणेल, रानातले सोडा, पाळलेले विका. तेही करून पाहिले. लावे म्हणजे बटेर. जपानी लावा सरकारी संशोधन केंद्रानेच १९७४ मध्ये देशात आणला, लोकांना पाळायला शिकवले, आणि २०११ साली पर्यावरण खात्याला तो वन्यजीव असल्याचा साक्षात्कार होऊन नव्या पालनावर बंदी आली. पुढे काही वर्षांनी ती मागे घेतली. तोवर पिंजरे घातलेल्या माणसाने काय करायचे होते? इमूचे तर विचारूच नका. अंडी आणि पिल्ले एकमेकांना विकण्यावरच तो धंदा चालला होता, मांस खाणारे गिऱ्हाईक कुणी उभेच केले नव्हते. २०१२ च्या सुमारास सगळे कोसळले आणि लोकांनी पक्षी रस्त्यावर सोडून दिले. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथच्या नावाने तीच कहाणी पुन्हा झाली. दोन्ही वेळा मांस वाईट नव्हते. ताटापर्यंतचा रस्ताच कुणी बांधला नव्हता.

आता बाटलीकडे. राज्याने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणले. नाशिककडे विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाईन पार्क झाले. आमच्या बऱ्याच भावांनी थॉम्पसन काढून काबेर्ने, शिराझ, शेनिन ब्लाँ लावली. वाईनचे द्राक्ष बारीक, जाड सालीचे, बियांचे. ते बाजारात हातगाडीवर विकता येत नाही. गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे वायनरी. २००८ च्या मंदीनंतर वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्या राहिल्या, उचल थांबली, आणि लावलेल्या बागांवर कुऱ्हाड चालली. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकायला परवानगी द्यायचे ठरवले, तर 'मद्यराष्ट्र' असा शब्द काढून केवढा गहजब झाला. पुढे तो निर्णय अमलात आलाच नाही. गहजब करणाऱ्यांना देशी दारूची दुकाने मात्र कधी खुपलेली आम्ही पाहिली नाहीत.

आमच्या जेवणाला वाईन जुळते का, असे एका तरुणाने त्या बैठकीत विचारले होते. आमच्यातल्या एका बागाईतदाराने दिलेले उत्तर इथे देतो. तिखट आणि टॅनिन एकमेकांना भडकवतात. म्हणून तांबड्या रश्श्यावर कडक शिराझ घेतली तर नुसती आग होते. तिथे किंचित गोडसर, थंड केलेली शेनिन ब्लाँ बरी. मिरची बेताची, खोबरे आणि कांदा खरपूस भाजून केलेले सुके मटण असेल तर शिराझ बसते. तव्यावर भाजलेल्या लाव्याला गुलाबी वाईन. रानडुकराचे काय, असे विचारल्यावर तो म्हणाला, ते खाल्लेले सांगितले तर तुम्ही मला जामीन मिळवून द्याल का?

मेळाव्यात यावर ठराव येणार आहे. पीक नुकसानीच्या अर्जांच्या पोचपावत्या, पंचनाम्यांच्या नकला आणि न मिळालेल्या उत्तरांच्या तारखा प्रत्येक गावाने सोबत आणाव्यात. कलम ३९ मध्ये बदल मागताना रिकाम्या हाताने उभे राहायचे नाही. पारधी वस्त्यांवर निरोप देण्याचे काम तालुका कार्यकर्त्यांकडे आहे, ते विसरू नये. दुपारी नेहमीप्रमाणे पिठले-भाकरी आणि ठेचा आहे. सोबत ताक.